वार्धक्यातील रोगप्रतिकार : टी पेशींमधील बदल आणि ‘नागीण’ या व्याधीचे उदाहरण

गोषवारा :
वय वाढले की रोगप्रतिकारशक्ती कमी होते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान चुकीचे नसले तरी अपुरे आहे. रोगप्रतिकार यंत्रणेतील टी पेशींची एकूण संख्या वार्धक्यात फारशी घटत नाही. घटते ते त्यांचे वैविध्य आणि नव्या रोगजंतूला प्रतिसाद देण्याची त्यांची क्षमता. प्रस्तुत लेखात या बदलांची कारणे स्पष्ट केली असून, महाराष्ट्रात ‘नागीण’ या नावाने परिचित असलेल्या व्याधीच्या आधारे त्यांचा व्यावहारिक अर्थ विशद केला आहे.

बीजशब्द : टी पेशी, यौवनलोपी ग्रंथी, स्मृतिपेशी, नागीण, प्रौढ लसीकरण.

प्रस्तावना :
ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने भारतातील पहिला बळी पुण्यात घेतला. त्या साथीचे एक वैशिष्ट्य जगभर नोंदले गेले. एरवी इन्फ्लुएन्झाच्या साथीत सर्वाधिक हानी वृद्धांची होते. या साथीत मात्र संसर्गाचा भर मुले व तरुण यांच्यावर राहिला आणि साठी ओलांडलेल्यांना लागण तुलनेने कमी झाली. ज्या वृद्धांना लागण झाली त्यांच्यात आजार गंभीर रूप धारण करीत असे, हेही खरे. परंतु अशांचे प्रमाण अल्प होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०२० मध्ये, कोविड-१९ ची साथ आली तेव्हा चित्र नेमके उलट झाले. मृत्यूचा धोका वयाच्या प्रत्येक दशकागणिक वाढत गेला. म्हणूनच भारतात १ मार्च २०२१ रोजी सर्वसामान्य नागरिकांसाठी लसीकरण सुरू झाले तेव्हा साठ वर्षांवरील व्यक्तींना अग्रक्रम देण्यात आला.

त्याच वयोगटाची दोन साथींतील स्थिती इतकी भिन्न का असावी? याचे उत्तर पूर्वपरिचयात आहे. १९१८ पासून १९५७ पर्यंत एच१एन१ कुळातील विषाणू मानवी समाजात वावरत होते. त्या काळात बालपण वा तारुण्य घालवलेल्यांच्या शरीरात या कुळाची स्मृती शिल्लक होती आणि २००९ चा विषाणू त्यांना पूर्णतः परका नव्हता. कोविड-१९ चा विषाणू मात्र सर्वांनाच नवा होता, आणि नव्याला तोंड देण्याची तयारी वृद्धांच्या शरीरात क्षीण झालेली होती. जुने आठवणे आणि नवे शिकणे या रोगप्रतिकार यंत्रणेच्या दोन स्वतंत्र क्षमता असून वय त्या दोहोंवर सारखा परिणाम करीत नाही, हे या तुलनेवरून लक्षात येते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. त्यामुळे हा विषय केवळ जीवशास्त्राच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही. लोकसंख्याशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण यांच्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

१. टी पेशी : स्वरूप व कार्य
टी पेशी या रक्तातील पांढऱ्या पेशींच्या लिंफोसाइट गटात मोडतात. त्यांचा जन्म अस्थिमज्जेत होतो. मात्र त्यांचे शिक्षण छातीच्या पिंजऱ्यात, हृदयाच्या वरच्या बाजूस असलेल्या थायमस ग्रंथीत होते. ‘टी’ हे अक्षर या ग्रंथीच्या नावावरूनच आले आहे. या ग्रंथीचे महत्त्व १९६१ पर्यंत कोणास उमगले नव्हते. त्या वर्षी लंडन येथे संशोधन करीत असलेल्या झाक मिलर यांनी, नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढून टाकल्यास त्यांच्यात लिंफोसाइटची तीव्र कमतरता निर्माण होते आणि परक्या उंदराची त्वचाही त्यांचे शरीर नाकारत नाही, असे दाखवून दिले.

टी पेशींचे दोन प्रमुख प्रकार आहेत. सीडी-४ या साहाय्यक पेशी इतर प्रतिकारक पेशींना चेतना देतात. सीडी-८ या मारक पेशी विषाणूने ग्रासलेल्या शरीरपेशींचा नाश करतात. प्रतिपिंडे रक्तात व शरीरद्रवांत फिरणाऱ्या विषाणूला अडवू शकतात. परंतु विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की त्याचा माग काढण्याचे काम मुख्यतः टी पेशींकडे येते.

प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही रेणू असतात. एका पेशीवरील ग्राही विशिष्ट आकाराचे प्रतिजन तेवढे ओळखतात. पुढे कोणता रोगजंतू येणार हे शरीरास ठाऊक नसल्यामुळे ते आगाऊच कोट्यवधी निरनिराळ्या आकारांचे ग्राही तयार करून ठेवते. तरुण व्यक्तीच्या शरीरात किमान १० कोटी प्रकारचे ग्राही असावेत, असा एक अंदाज आहे. ज्या पेशीची आपल्या प्रतिजनाशी अद्याप गाठ पडलेली नाही तिला ‘नवखी’ टी पेशी म्हणता येईल. गाठ पडल्यावर ती वेगाने विभाजित होते, तिची संतती रोगजंतूशी लढते आणि लढा संपल्यावर त्यांपैकी थोड्या पेशी ‘स्मृतिपेशी’ म्हणून दीर्घकाळ टिकून राहतात. लसीकरणाचे तत्त्व याच स्मृतीवर आधारलेले आहे.

२. यौवनलोपी ग्रंथीचा ऱ्हास
मराठी वैज्ञानिक परिभाषेत थायमसला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे अन्वर्थक नाव आहे. तारुण्यात लोप पावत जाणारी ही ग्रंथी आहे. वास्तविक तिच्या ऱ्हासाची सुरुवात तारुण्याच्याही आधी होते. तिच्यातील कार्यक्षम ऊतीचे क्षेत्र मध्यम वयापर्यंत दरवर्षी सुमारे तीन टक्क्यांनी व पुढे सुमारे एक टक्क्याने घटते आणि त्या जागी मेद साचत जातो.

या ग्रंथीतील शिक्षण अत्यंत कठोर असते. शरीराच्या स्वतःच्या घटकांवर हल्ला करू शकणाऱ्या, तसेच काहीच ओळखू न शकणाऱ्या पेशी येथे नष्ट केल्या जातात. प्रवेश घेतलेल्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशी बाहेर पडत नाहीत. त्यामुळे ग्रंथी आक्रसली की नव्या ग्राहींची निर्मिती त्या प्रमाणात खुंटते.

प्रौढ वयात ही ग्रंथी निरुपयोगी असते, असा समज वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी ती अनेकदा काढूनही टाकली जात असे. २०२३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी या समजाला धक्का दिला. ग्रंथी काढलेल्या प्रौढांत शस्त्रक्रियेनंतरच्या पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण ८.१ टक्के, तर तशाच प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्या परंतु ग्रंथी शाबूत असलेल्यांत २.८ टक्के आढळले. कर्करोगाचे प्रमाण अनुक्रमे ७.४ व ३.७ टक्के होते. हा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने त्यावरून कार्यकारणभाव पूर्णतः सिद्ध होत नाही. तथापि आक्रसलेली ग्रंथीही प्रौढाच्या उपयोगी पडत असावी, असे मानण्यास त्याने सबळ आधार दिला.

३. संख्या कायम, वैविध्य मात्र कमी
ग्रंथीचा पुरवठा आटला तरी टी पेशींची एकूण संख्या फारशी घटत नाही. याचे कारण असे की, शरीरात असलेल्या टी पेशी स्वतःच विभाजित होऊन रिकामी जागा भरून काढतात. प्रौढ माणसात नवख्या पेशींचा साठा प्रामुख्याने अशाच विभाजनातून टिकतो. मात्र विभाजनातून जुन्याच ग्राहींच्या प्रती तयार होतात, नवा ग्राही निर्माण होत नाही. कणगी धान्याने भरलेली दिसावी, पण बियाण्याचे वाण दरवर्षी कमी होत जावेत, तशी ही अवस्था असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तींत ग्राहींचे वैविध्य तरुणांच्या तुलनेत दोन ते पाच पटींनी कमी आढळले. ही घट सीडी-४ पेक्षा सीडी-८ गटातील नवख्या पेशींत अधिक तीव्र असते.

याचा परिणाम नव्या लसींना मिळणाऱ्या प्रतिसादात दिसतो. हिपॅटायटिस-बी ची लस निरोगी व्यक्तींना चाळिशीपूर्वी दिल्यास ९० टक्क्यांहून अधिक जणांत पुरेसे संरक्षण निर्माण होते. साठीपर्यंत हे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवर येते. प्रतिपिंडे निर्माण करण्याचे काम बी पेशी करीत असल्या तरी त्यांना साहाय्यक टी पेशींची चेतना आवश्यक असते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. कोविड-१९ च्या रुग्णांवरील २०२० मधील एका अभ्यासातही वाढते वय, नवख्या टी पेशींची कमतरता आणि आजाराची तीव्रता यांचा परस्परसंबंध आढळून आला.

दुसरीकडे स्मृतिपेशींची दाटी होत जाते. या संदर्भात सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा विशेष अभ्यास झाला आहे. बहुधा बालपणीच शरीरात शिरणारा आणि एरवी निरोगी माणसास त्रास न देणारा हा विषाणू आयुष्यभर मुक्काम ठोकतो. त्याला आवर घालण्यासाठी लागण झालेल्या प्रौढाच्या रक्तातील स्मृती टी पेशींपैकी सरासरी दहा टक्के पेशी एकट्या या विषाणूसाठी राखून ठेवल्या गेलेल्या असतात, आणि उतारवयात हा हिस्सा आणखी वाढू शकतो. स्वीडनमधील यॉनशॉपिंग येथे वयोवृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीत ज्यांच्या रक्तात सीडी-८ पेशींची संख्या सीडी-४ पेक्षा अधिक झाली होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त आढळला. या स्थितीचा या विषाणूशी निकटचा संबंध होता. भारतात बहुसंख्य प्रौढांना या विषाणूची लागण झालेली असते. त्यामुळे लागण झालेले व न झालेले अशी तुलना करून युरोपात काढलेले निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते.

४. पेशींच्या अंतरंगातील बदल
संख्या व वैविध्य यांखेरीज प्रत्येक पेशीच्या कार्यातही बदल होतात. त्यांपैकी तीन बदल महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल विभाजनक्षमतेचा. लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये मानवी पेशी प्रयोगशाळेत ठरावीक वेळाच विभाजित होतात असे दाखवले. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर प्रत्येक विभाजनात झिजतात, हे त्याचे एक प्रमुख कारण पुढे स्पष्ट झाले. आयुष्यभर वारंवार विभाजित होणाऱ्या स्मृतिपेशींना ही मर्यादा विशेषत्वाने जाणवते.

दुसरा बदल संदेशग्रहणाचा. टी पेशी सक्रिय होण्यासाठी ग्राहीने प्रतिजन ओळखणे पुरेसे नसते. सीडी-२८ या रेणूमार्फत दुसरा संदेशही मिळावा लागतो. वाढत्या वयात अनेक सीडी-८ पेशी हा रेणू गमावतात. शिवाय नवख्या सीडी-४ पेशींत मिआर-१८१ए हा सूक्ष्म आरएनए कमी होऊन संदेश दडपणाऱ्या डीयूएसपी-६ या प्रथिनाचे प्रमाण वाढते. परिणामी तरुण पेशीला पुरेसा ठरणारा संदेश वृद्ध पेशीपर्यंत पोहोचतो, पण तिला जागे करीत नाही.

तिसरा बदल दाहाचा. विभाजन थांबलेल्या पेशी निष्क्रिय राहत नाहीत. त्या दाह वाढवणारी द्रव्ये स्रवत राहतात. वार्धक्यातील अशा मंद, दीर्घकालीन दाहाची संकल्पना इटालियन शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये मांडली. स्पेनमधील संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांच्या केवळ टी पेशींतील तंतुकणिकांत बिघाड घडवून आणला असता, संपूर्ण शरीरातच अकाली वार्धक्याची लक्षणे दिसू लागली. म्हणजे टी पेशी वार्धक्याचा परिणाम भोगतात, तशाच त्या वार्धक्याला हातभारही लावू शकतात.

५. नागीण : एक बोलके उदाहरण
वरील बदलांचा प्रत्यक्ष अर्थ नागीण या व्याधीत स्पष्ट दिसतो. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जारज्जूलगतच्या व मेंदूच्या चेतांच्या गाठींमध्ये सुप्तावस्थेत राहतो. कित्येक दशकांनंतर तो जागा होतो, एखाद्या चेतेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो आणि त्या चेतेच्या क्षेत्रात फोडांचा पट्टा उठतो. अमेरिकेतील अंदाजानुसार दर तीन व्यक्तींपैकी एकीला आयुष्यात केव्हा तरी नागीण होते आणि पन्नाशीनंतर तिचे प्रमाण झपाट्याने वाढते.

हे कोडे उलगडण्याचे मोठे श्रेय एडगर होप-सिम्प्सन या इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर गावच्या सामान्य डॉक्टरास जाते. आपल्या दवाखान्यातील सोळा वर्षांच्या नोंदींच्या आधारे त्यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, नागीण ही बाहेरून होणारी नवी लागण नसून शरीरातच दडलेल्या विषाणूचे पुनरुज्जीवन आहे आणि त्याला रोखून धरणारा प्रतिकार वयानुसार ओसरतो. पुढील संशोधनाने हा प्रतिकार कोणता ते दाखवून दिले. वृद्धांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे बऱ्याच अंशी टिकून असतात. ओसरतो तो टी पेशींचा प्रतिसाद. स्मृती टिकते असे वर म्हटले असले, तरी तीही जोपासली नाही तर क्षीण होते, हा या व्याधीचा धडा आहे.

महाराष्ट्रात या व्याधीविषयी एक भीती रूढ आहे. नागिणीने अंगाला पूर्ण विळखा घातला आणि तिचे तोंड शेपटीला टेकले की माणूस दगावतो, असे मानले जाते. शरीररचना पाहता ही भीती निराधार ठरते. विषाणू सहसा एका बाजूच्या एकाच चेतेतून उतरतो आणि त्या चेतेचे क्षेत्र शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते. म्हणून पट्टा अर्ध्यावरच थांबतो. प्रतिकारशक्ती अतिशय खालावलेल्या रुग्णांत फोड सर्वांगावर पसरू शकतात. परंतु तेथे धोका विळख्याचा नसून खालावलेल्या प्रतिकाराचा असतो.

या समजुतीमुळे होणारी खरी हानी वेगळीच आहे. मंत्र टाकून घेणे, निरनिराळे लेप लावणे यांत पहिले दोन-चार दिवस निघून जातात. विषाणूरोधक औषधे मात्र पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरतात. फोड कपाळावर, डोळ्याजवळ वा नाकाच्या शेंड्यावर असतील तर दृष्टीलाही धोका संभवतो आणि नेत्रतज्ज्ञाकडे तातडीने जाणे आवश्यक असते. फोड सुकल्यानंतरही महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे राहणारी चेतावेदना हा या व्याधीचा सर्वांत क्लेशदायक भाग होय. कपड्याचा स्पर्शही सहन न होणारी ही वेदना वृद्धांची झोप, भूक व हिंडणेफिरणे हिरावून घेते. आणि तिची शक्यता वयाबरोबर वाढते.

६. वृद्ध टी पेशींना जागे करता येते काय?
या प्रश्नाचे सर्वांत आश्वासक उत्तरही नागिणीनेच दिले आहे. अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळालेली पहिली लस सजीव परंतु दुर्बल केलेल्या विषाणूची होती. साठ वर्षांवरील ३८,५४६ व्यक्तींवरील चाचणीत तिने नागिणीचे प्रमाण ५१.३ टक्क्यांनी कमी केले. परंतु साठ ते एकोणसत्तर या वयोगटात तिची परिणामकारकता सुमारे ६४ टक्के, तर सत्तरीपुढे केवळ ३८ टक्के होती. ज्यांना संरक्षणाची गरज अधिक त्यांनाच ते कमी मिळत होते.

दुसऱ्या लसीत विषाणूचे केवळ एक प्रथिन घेऊन त्यास प्रतिकार उद्दीपित करणाऱ्या द्रव्यांची जोड देण्यात आली. त्यांपैकी एक द्रव्य चिली देशातील क्विलाया वृक्षाच्या सालीपासून मिळते. २०१५ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत या लसीची परिणामकारकता पन्नाशीपुढील व्यक्तींत ९७.२ टक्के, तर सत्तरीपुढील व्यक्तींतही सुमारे ९० टक्के आढळली. वृद्ध टी पेशी बहिऱ्या झालेल्या नसतात. त्यांना हाक मोठ्याने द्यावी लागते, असा याचा अर्थ घेता येईल. मात्र येथे नवे शिकवण्याचे नव्हे, तर जुने आठवून देण्याचे काम होते, ही मर्यादाही नोंदवली पाहिजे. ही लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. तथापि राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बालके व गर्भवती यांच्यासाठी असून त्यात तिचा समावेश नाही, आणि तिची किंमत सर्वसामान्य कुटुंबास परवडणारी नाही.

लसीखेरीज इतर उपायांचाही शोध चालू आहे. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ ते ७९ वर्षे वयाच्या, दीर्घकाळ नियमित सायकल चालवणाऱ्या १२५ व्यक्तींच्या रक्तात ग्रंथीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी पेशींचे प्रमाण समवयस्क बैठ्या व्यक्तींपेक्षा बरेच अधिक होते. वृद्धी-संप्रेरकाच्या साहाय्याने ग्रंथीचे पुनरुज्जीवन करण्याचा २०१९ मधील प्रयोग अवघ्या नऊ पुरुषांवर व तुलनागटाविना झाला होता; त्यावर विसंबून उपचार सुचवणे योग्य नाही. हीच कसोटी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्ण-गोळ्यांनाही लावली पाहिजे. कोणत्या पेशी, किती आणि कोणत्या रोगाविरुद्ध वाढल्या, हे प्रश्न विचारताच अशा बहुतेक जाहिराती निरुत्तर होतात.

माणसांवरील बहुतेक निष्कर्ष रक्ताच्या नमुन्यांवरून काढलेले आहेत, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. शरीरातील लिंफोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. उर्वरित पेशी लसीका ग्रंथी, प्लीहा, आतडे, फुप्फुसे इत्यादी ठिकाणी राहतात. तेथील वार्धक्याचे चित्र काही अंशी वेगळे असू शकते.

निष्कर्ष :
१. वार्धक्यात टी पेशींची संख्या बऱ्याच अंशी टिकते. परंतु नवख्या पेशी व ग्राहींचे वैविध्य घटते. त्यामुळे अपरिचित रोगजंतूंचा धोका वाढतो.
२. पूर्वपरिचित रोगजंतूंची स्मृती तुलनेने दीर्घकाळ राहते. तथापि नागिणीच्या उदाहरणावरून तिलाही उजाळ्याची गरज असल्याचे दिसते.
३. योग्य प्रकारे रचलेली लस सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तींतही प्रभावी प्रतिसाद निर्माण करू शकते. म्हणून ‘या वयात लस घेऊन काय उपयोग’ हा विचार शास्त्रसंमत नाही.
४. नवे शिकण्याची क्षमता लवकर ओसरत असल्याने, हिपॅटायटिस-बी सारख्या नव्या प्रतिजनांच्या लसी ज्यांना आवश्यक आहेत त्यांनी त्या शक्य तितक्या लवकर घेणे हिताचे ठरते.
५. बालकांपुरता विचार करणाऱ्या लसीकरण धोरणात वृद्धांना स्थान देण्याचा प्रश्न विचाराधीन घ्यावयास हवा.

समारोप :
बालकास लस टोचून घेण्यासाठी कुटुंब दवाखान्यात जाते, तारखा लक्षात ठेवते, कार्ड जपून ठेवते. त्याच घरातील आजी-आजोबांच्या लसीची तारीख मात्र कोणी लिहून ठेवत नाही आणि अंगावर फोडांचा पट्टा उठला की वयाला दोष दिला जातो. वय थांबवता येत नाही. परंतु पुरळ दिसताच तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे नेणे प्रत्येक घराला शक्य आहे. टी पेशींच्या वार्धक्याचे हे ज्ञान महाविद्यालयीन वर्गातून घरोघरी पोहोचले, तर अनेक वृद्धांची टळण्याजोगी वेदना टळेल.